थ्रीडी मॉडेलमधून रेघांचं चित्र: एका तांब्यापासून सुरुवात

कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल तयार आहे आणि त्याचं शाईने काढल्यासारखं चित्र हवंय. रंग नको, सावली नको, नुसत्या रेघा. कुणाला माहितीपुस्तिकेतल्या आकृतीसाठी हवं असतं, कुणाला कॉमिकसाठी, कुणाला पेन धरून चित्र काढणाऱ्या प्लॉटरसाठी. ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या कामाला पुरून उरतं. ब्लेंडर उघडून मॉडेल इकडून तिकडे फिरवता येतं, पण रेघांच्या वाटेला कधी गेलो नाही, अशांसाठी हा लेख आहे. मेनूंची नावं ब्लेंडर ४.३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमधली आहेत. आधीच्या आवृत्त्यांत काही गोष्टी जागा बदलून सापडतील.

रेघा मिळवायला पाच मिनिटं लागतात. सगळा वेळ जातो तो नको असलेल्या रेघा घालवण्यात. म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी, कुठली रेघ कशामुळे येते हे नीट कळायला हवं.

आधी खरा तांब्या हातात घ्या

हे मी मनापासून सांगतेय. स्वयंपाकघरातून एक तांब्या आणा, खिडकीपाशी धरा, एक डोळा मिटा. आता तो सावकाश फिरवा, मग पुढे कलता करा.

पोटाची जी बाहेरची रेघ दिसते, ती तांब्यावर कुठेच काढलेली नाही. तिथे पत्रा आपल्या नजरेपासून वळून पलीकडे जातो, एवढंच. तांब्या कलता केला की ही रेघ त्याच्या अंगावरून सरकते. कॉम्प्युटर हिला नेमकेपणाने ओळखतो: पृष्ठभागाला लंब असलेली दिशा आणि नजरेची दिशा यांच्यात जिथे काटकोन होतो, ती जागा. ही झाली बाह्यरेषा. ब्लेंडरमध्ये तिला ‘कॉन्टूर’ म्हणतात.

काठाची रेघ वेगळी. ती भांड्याला चिकटलेली आहे, कसंही फिरवा, तिथेच राहते. पत्रा तिथे एकदम मोडलेला असतो. ही ‘क्रीज’. तिसरी रेघ झारीवर दिसते: तोटी पोटाला जिथे भिडते तिथे. ती ‘इंटरसेक्शन’. पोटावर कोरलेली वेल किंवा पट्टी असेल तर ती चौथी, आणि ती कॉम्प्युटरला आपण हाताने दाखवून द्यावी लागते. कागदासारख्या उघड्या टोकाला ‘बॉर्डर’ म्हणतात. तिचा त्रास पुढे येईल.

आता तांब्या बऱ्यापैकी वरून पाहा आणि मानेकडे लक्ष द्या. मानेच्या बाजूची रेघ खाली येते आणि खांद्यावर मध्येच थांबते. कशालाही न भिडता नुसती विरून जाते. पहिल्यांदा मी स्क्रीनवर ही तुटलेली रेघ पाहिली तेव्हा मॉडेलमध्ये भोक पडलं असेल असं वाटून तासभर शोधत बसले होते. भोक नव्हतं. मान जिथे खांद्यात मिसळते तिथला आकार घोड्याच्या खोगिरासारखा असतो, एका दिशेने आत आणि दुसऱ्या दिशेने बाहेर वळलेला. अशा जागी बाह्यरेषा संपू शकते, तो भूमितीचाच नियम आहे. हाताने काढणारा चित्रकार मात्र तिथे थांबत नाही. तो पेन हलकं करत रेघ अजून थोडी पुढे नेतो. डीकार्लो, फिंकेलस्टाइन, रुसिंकिविक्झ आणि सँटेला या संशोधकांनी २००३ साली ही पुढे नेलेली रेघ गणितात बसवली आणि तिला ‘सजेस्टिव्ह कॉन्टूर’ असं नाव दिलं. नजर किंचित हलवली तर जिथे बाह्यरेषा उमटेल, अशा जागा ती आधीच दाखवते.

तांब्या घडवा

इंटरनेटवरून मॉडेल उतरवून सुरुवात करू नका. दुसऱ्याच्या मॉडेलमधल्या चुका आणि रेघांच्या सेटिंगमधल्या चुका एकमेकींत गुंततात आणि नवशिक्याला त्या सोडवता येत नाहीत. तांब्या करायला फार कष्ट नाहीत.

१. नमपॅडवरचं १ दाबून समोरून पाहा. एक प्लेन घ्या, टॅब दाबून एडिट मोडमध्ये जा, एम दाबून ‘ॲट सेंटर’ निवडा. चारही बिंदू एकाच बिंदूत गोळा होतील.

२. तो बिंदू बुडाच्या मध्यावर, म्हणजे मधल्या उभ्या अक्षावर आणा. ई दाबत दाबत तांब्याची उजवी कड वर न्या: बूड, पोट, खांदा, मान, बाहेर वळलेला काठ. बारा-पंधरा बिंदू पुरतात. उंची साधारण सव्वा युनिट ठेवा. खऱ्या सेंटिमीटरात करायला गेलात तर इतक्या छोट्या मापात कॅमेरा उगाच अडवतो.

३. ‘स्क्रू’ मॉडिफायर लावा (मॉडिफायर म्हणजे मूळ बिंदूंना हात न लावता आकार बदलणारी सोय). अक्ष झेड. ‘स्टेप्स’ व्ह्यूपोर्ट आणि रेंडर दोन्हीकडे ६४. ‘मर्ज’वर खूण करा, म्हणजे बुडाच्या मध्यावर एकावर एक बिंदू साचणार नाहीत.

४. त्याखाली ‘सॉलिडिफाय’ लावून पत्र्याला जाडी द्या. खऱ्या पत्र्याएवढी नको, थोडी जास्तच द्या. काठाच्या आतली आणि बाहेरची अशा दोन लंबवर्तुळाकार रेघा येतात. जाडी कमी असली की छापताना त्या एकमेकींत मिसळून एकच मळकट रेघ होते.

कॅमेरा बसवा, मगच पुढे जा

मॉडेलवरून रेघा काढणारं ब्लेंडरमधलं यंत्र म्हणजे ‘लाइन आर्ट’. ते सगळा हिशेब कॅमेऱ्याच्या जागेवरून करतं, तुम्ही स्क्रीनवर कुठून पाहताय त्यावरून नाही. रेघा काढल्यावर मॉडेल फिरवलंत तर त्या वाकड्यातिकड्या, हवेत लटकल्यासारख्या दिसतील. ते बिघडलेलं नसतं. नमपॅडवरचं शून्य दाबून कॅमेऱ्यातून पाहा, सगळं जागेवर येईल.

हवा तो कोन जमला की कंट्रोल, ऑल्ट आणि नमपॅडवरचं शून्य एकत्र दाबा, म्हणजे कॅमेरा तुमच्या नजरेच्या जागी येतो. अगदी समोरून, डोळ्याच्या रेषेत चित्र घेऊ नका. काठ सरळ रेघ होऊन बसतो आणि भांड्याचं पोकळपण कळत नाही. वीस ते तीस अंश वरून घ्या. कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ५० मिलिमीटर असते, ती ८५ करून कॅमेरा मागे न्या. भांडं शांत दिसतं.

लाइन आर्ट लावा

शिफ्ट आणि ए दाबा, ‘ग्रीज पेन्सिल’मध्ये जाऊन ‘ऑब्जेक्ट लाइन आर्ट’ निवडा. आधी तांब्या निवडलेला असू द्या. रेघा लगेच दिसतील. नव्या ग्रीज पेन्सिल वस्तूच्या मॉडिफायरमध्ये जाऊन ‘लाइन आर्ट’ उघडा. ‘एज टाइप्स’खाली मघाचीच नावं दिसतील: कॉन्टूर, क्रीज, इंटरसेक्शन आणि इतर.

सगळ्या खुणा काढून टाका, फक्त कॉन्टूर ठेवा आणि चित्र पाहा. मग क्रीज चालू करा, पुन्हा पाहा. एकेक करत जा. कुठली रेघ कुठल्या खुणेमुळे आली हे एकदा डोळ्यांत बसलं की निम्मं काम झालं.

क्रीज चालू करूनही काठाची आतली रेघ येत नाही, असं बहुतेकांचं होतं. स्क्रू मॉडिफायर पृष्ठभाग गुळगुळीत मानून चालतो आणि गुळगुळीत भागातल्या घड्या लाइन आर्ट सोडून देतं. ‘क्रीज ऑन स्मूथ’वर खूण करा, काठ उमटेल.

नको असलेल्या रेघा

इथे वेळ द्या. चित्राचा दर्जा इथेच ठरतो.

तांब्याच्या पोटावर कलिंगडासारख्या उभ्या रेघा आल्या, तर कोनाचा हिशेब पाहा. क्रीजचा उंबरठा लाइन आर्टमध्ये १४० अंश असतो. शेजारच्या दोन पृष्ठांमधला कोन त्याहून लहान असेल तर तिथे घडी आहे असं तो समजतो. तांब्या ८ भागांत फिरवला असेल तर पोटावरच्या दोन पट्ट्यांमध्ये १८० वजा ४५, म्हणजे १३५ अंशांचा कोन येतो. उंबरठ्याच्या आत, म्हणून रेघ. १६ भाग केले की कोन १५७.५ अंश होतो आणि रेघा जातात. ६४ भागांत तर १७४ अंशांच्या पुढे. म्हणजे दुखणं मॉडेलच्या ओबडधोबडपणात होतं. तिथे उंबरठा खाली आणून रेघ दडपलीत तर खऱ्या घड्याही तिच्याबरोबर जातात. उंबरठ्याला शेवटी हात लावा.

दुसरं दुखणं इंटरनेटवरून उतरवलेल्या मॉडेलचं. एकसंध दिसणाऱ्या भागावर मधूनच एक रेघ जाते, शिवणीसारखी. तिथे दोन बिंदू एकाच जागी बसलेले असतात, पण जोडलेले नसतात, त्यामुळे ब्लेंडरला ती उघडी कड वाटते. एडिट मोडमध्ये ए दाबून सगळं निवडा, एम दाबा आणि ‘बाय डिस्टन्स’ घ्या. शिवण बंद होते.

तिसरं, बाह्यरेषा करवतीसारखी येते. पृष्ठं चपट्या तुकड्यांची असल्यामुळे बाह्यरेषा तुकड्यांच्या कडांवरूनच पायऱ्या चढत-उतरत जाते. भाग वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर लाइन आर्टच्या ‘चेनिंग’मध्ये ‘स्मूथ टॉलरन्स’ थोडा चढवा. जास्त चढवलात तर काठाचा डौल जातो.

मोबाइलने फोटो काढून केलेल्या स्कॅनचं दुखणं सर्वांत चिवट. पृष्ठभाग मुळातच खडबडीत, म्हणून जिकडेतिकडे घड्या. इथे क्रीज सरळ बंद करा, फक्त कॉन्टूर ठेवा. ज्या कडा खरोखर महत्त्वाच्या आहेत त्या एडिट मोडमध्ये निवडा, ‘एज’ मेनूतून ‘मार्क फ्रीस्टाइल एज’ करा आणि लाइन आर्टमध्ये ‘एज मार्क्स’ चालू ठेवा. मेहनत आहे, पण चित्र स्वच्छ येतं.

कुठली कड महत्त्वाची, हे वस्तूच सांगते. पुरातत्त्वाच्या अहवालांतली मातीच्या भांड्यांची रेखाटनं यासाठी जरूर पाहा. अर्ध्या भागात भांड्याचा छेद, अर्ध्यात बाहेरचं रूप, मधे एक उभी रेघ. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या कित्येक भांड्यांच्या अंगाला ठसठशीत कोन असतो. त्या कोनावरची आडवी रेघ काढली नाही तर ते भांडं ओळखूच येणार नाही. आपल्या तांब्याच्या गोल पोटावर मात्र अशी रेघ खोटी ठरेल.

सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या नकोत

एकाच जाडीचं चित्र तारेने वळल्यासारखं दिसतं. त्याच ग्रीज पेन्सिल वस्तूत दुसरा थर करा आणि लाइन आर्ट मॉडिफायर आणखी एकदा लावा. पहिल्यात फक्त कॉन्टूर, जाड. दुसऱ्यात क्रीज, निम्म्या जाडीची. प्रत्येकाचा थर मॉडिफायरमध्येच निवडता येतो. कोरलेली वेल असेल तर तिसरा, सर्वांत बारीक. माझा अनुभव असा की चार, दोन आणि एक हे प्रमाण जवळजवळ सगळ्याच भांड्यांना शोभतं.

पलीकडच्या रेघा दाखवायच्या असतील तर

अभियांत्रिकी चित्रांत झाकलेल्या कडा तुटक रेघांनी दाखवतात. कॉम्प्युटरने झाकलेली रेघ ओळखायची कशी, हा या विषयातला सर्वांत जुना प्रश्न. एमआयटीमध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ साली त्यावर उत्तर शोधलं होतं. आयबीएमच्या आर्थर अपेल यांनी १९६७ मध्ये एक सुटसुटीत कल्पना मांडली: रेघेवरच्या प्रत्येक जागेसमोर किती पृष्ठं आडवी येतात ते मोजायचं. शून्य असेल तर रेघ दिसते. रेघेच्या बाजूने पुढे जाताना हा आकडा ठरावीक जागीच बदलतो, त्यामुळे प्रत्येक बिंदू नव्याने तपासावा लागत नाही.

लाइन आर्टच्या ‘ऑक्लूजन’मधला आकडा हाच. तो शून्यावर असतो, म्हणजे फक्त उघड्या रेघा. ‘रेंज’ चालू करून एका वेगळ्या थरावर एकपासून पुढचे आकडे द्या. इथे मी फसले होते. बुडाची मागची कड दाखवायला १ दिला आणि काहीच दिसेना. पत्र्याला जाडी दिली आहे हे विसरले होते. समोरच्या भिंतीची बाहेरची आणि आतली मिळून दोन पृष्ठं, तशीच मागच्या भिंतीची दोन. म्हणून १ ते ४ अशी व्याप्ती द्यावी लागली. या थराला ‘डॉट डॅश’ मॉडिफायर लावलात की रेघा तुटक होतात.

फ्रीस्टाइल कधी वापरायचं

ब्लेंडरमध्ये रेघांचं दुसरं यंत्र आहे, फ्रीस्टाइल. ते २०१३ पासून, आवृत्ती २.६७ पासून ब्लेंडरमध्ये आहे. लाइन आर्ट आलं २०२१ साली, २.९३ मध्ये. फ्रीस्टाइलच्या रेघा काम करताना दिसत नाहीत, एफ१२ दाबून रेंडर केल्यावरच उमटतात. म्हणून शिकायची सुरुवात लाइन आर्टने करावी असं माझं मत आहे. पण रेघ टोकाला निमुळती करायची असेल, हाताच्या थरथरीसारखी थोडी हलवायची असेल, तर फ्रीस्टाइलचा हात कुणी धरू शकत नाही. मानेपाशी थांबलेली ती रेघ पुढे नेणारा सजेस्टिव्ह कॉन्टूरही तिथेच मिळतो.

रेंडर प्रॉपर्टीजमध्ये ‘फ्रीस्टाइल’वर खूण करा, बाकी सगळं व्ह्यू लेयर प्रॉपर्टीजमध्ये सापडतं. दोन्ही यंत्रं एकदम चालू ठेवू नका, रेघा दुहेरी येतात.

गेम किंवा ॲनिमेशनसाठी तिसरी, जुनी युक्ती आहे. मॉडेलची किंचित फुगवलेली काळी प्रत, पृष्ठं उलटी करून, मॉडेलभोवती बसवायची. सॉलिडिफाय मॉडिफायरमध्ये ‘फ्लिप’ आणि काळ्या मटेरियलला ‘बॅकफेस कलिंग’ दिलं की झालं. वेगाने चालते, पण बाह्यरेषेपलीकडे फारसं काही देत नाही.

कागदावर उतरवताना

पार्श्वभूमी पांढरी दिली तरी चित्र राखाडी येतं, ही तक्रार नेहमीची. कलर मॅनेजमेंटमध्ये ‘व्ह्यू ट्रान्सफॉर्म’ हा ‘एजीएक्स’वर असतो, तो ‘स्टँडर्ड’ करा. तांब्याला पांढरं ‘एमिशन’ मटेरियल द्या, म्हणजे सावल्याही जातील.

जाडीचा हिशेब मिलिमीटरमध्ये करायची सवय लावा. ए४ कागद ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचा तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं लागतं आणि १ मिलिमीटरमध्ये जवळजवळ १२ पिक्सेल बसतात. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेला ६ पिक्सेल हवेत. मी एकदा लहान आकारात सगळं जमवून घेतलं आणि छापखान्यात द्यायच्या आदल्या रात्री फक्त रिझोल्यूशन वाढवलं. फ्रीस्टाइलमधली जाडी १ पिक्सेलवरच राहिली होती. छापून आलेल्या रेघा एक दशांश मिलिमीटरपेक्षाही बारीक होत्या, काठाची आतली रेघ तर जवळजवळ पुसली गेली होती. वीस प्रती वाया गेल्या. फ्रीस्टाइलमध्ये ‘लाइन थिकनेस’ हा ‘ॲब्सोल्यूट’वरून ‘रिलेटिव्ह’वर आणलात तर जाडी चित्राच्या उंचीबरोबर वाढते. ४८० पिक्सेल उंचीला तुम्ही लिहिलेला आकडा जसाच्या तसा लागू होतो, हे लक्षात ठेवून आकडा द्या.

मोठं पोस्टर किंवा प्लॉटर असेल तर पिक्सेल सोडा आणि एसव्हीजी घ्या, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांचे आकार साठवणारी फाइल. फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टमध्ये ‘ग्रीज पेन्सिल ॲज एसव्हीजी’ आहे. प्लॉटरसाठी तिथे ‘नॉर्मलाइझ’वर खूण करा. नाहीतर प्रत्येक रेघ तिच्या दोन काठांनी वेढलेला आकार म्हणून बाहेर पडते आणि पेन एका रेघेच्या दोन्ही बाजूंनी फिरून येतं. मग फाइल इंकस्केप या एसव्हीजी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, रेघा एकावर एक पडल्या आहेत का ते पाहा, जादा असतील त्या पुसा.

आणि छापायला देण्याआधी घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात एक प्रत काढा, तांब्याशेजारी ठेवा, तीन हात लांबून पाहा. स्क्रीनवर न दिसलेली जादा रेघ तिथे हमखास दिसते.